तीन टोपल्यांचं प्रकरण

यंदा माल ओला आला. खळ्यावर वाळत घातलेल्या मिरचीवर भलत्याच वेळी पाऊस पडला, सलग तीन दिवस पडला, आणि ताडपत्र्या शोधून आणेपर्यंत अर्धी रास भिजली होती. एकदा भिजलेली मिरची पुन्हा कितीही वाळवा, ती पहिल्यासारखी होत नाही. देठ कटकन मोडत नाही, चिवट होऊन लोंबत राहतो. आम्ही शेडमध्ये बसून देठ खुडणाऱ्या बायका, आमची मजुरी टोपलीवर. म्हणजे पाऊस पडला खळ्यावर आणि भिजलो आम्ही.

मुकादमाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "चार महिन्यांचं काम यंदा दोन महिन्यांत आटपेल. पुढचं पुढे बघा." असं सांगणाऱ्याचं स्वतःचं पुढचं नेहमी बघून झालेलं असतं.

शेड पत्र्याची, लांबट. खिडक्यांना गोणपाट. पंखा नाही, कारण पंखा लावला की मिरचीची धूळ उठते आणि सगळ्या जणी खोकत बाहेर पळतात. नाकातोंडाला फडकं बांधून बसायचं. नव्या बाईला आठवडाभर शिंका येतात, मग तिचं नाकच हात टेकतं. बाहेरचा माणूस दारात आला की आधी शिंकतो, मग बोलतो. डोळ्याला हात लावायचा नाही, एवढी एकच शिस्त. बाकी काय करायचं ते करा.

काकू माझ्या शेजारी बसतात आणि शेजारीच राहतात. आमच्या दोन घरांत भिंत एकच, आणि तीही अशी की त्यांच्याकडे कपात साखर ढवळली तर मला ऐकू येतं. साठी उलटलेली बाई, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण शेडमध्ये त्यांच्याइतका हात कुणाचा चालत नाही. एकच मुलगा. तो ट्रक चालवतो, आमच्याच शेडची पोती बाजारगावी नेतो. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं आणि काकूंनी सुनेला कामावर आणलं. तिसऱ्या दिवशी त्या पोरीचे हात सुजून टम्म झाले. बोटांच्या बेचक्यांत फोड आले, चौथ्या दिवशी ते फुटले. काही कातडी असतातच तशी, त्यांना मिरची चालत नाही.

मुकादम म्हणाला, "हिला उद्यापासून घरी ठेवा."

"घरी ठेवायला ती काय कपाट आहे?" काकू म्हणाल्या. "दहावी झालीय. आम्हाला वाचून दाखवेल. तिची टोपली आम्ही भरू."

मुकादमाला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. पण तेव्हापासून तसं सुरू झालं. पोरगी उपड्या खोक्यावर बसून वाचते, तिच्या पायाशी एक रिकामी टोपली. ज्या बाईची टोपली भरेल तिने वजनकाट्यावर नेण्याआधी त्यातली एक मूठ वाचणारीच्या टोपलीत टाकायची. देठ नीट खुडलेली, चोख मूठ. बोलण्याने हात थांबतो, ऐकण्याने थांबत नाही, हे मुकादमाला आठवड्याभरात कळलं आणि त्याने तोंड मिटलं.

आमच्यात एक तोफ आहे. तिचं खरं नाव आता तिच्या नवऱ्यालाही आठवत नसेल. तिने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, "कानामागून आली आणि तिखट झाली! आम्ही वीस वर्षं घासतोय आणि ही खोक्यावर राणी." असं म्हणाली आणि पहिली मूठ तिनेच टाकली. तोफेचं असंच आहे, आवाज एकीकडे आणि गोळा दुसरीकडे.

आधी आम्ही वर्तमानपत्र वाचून पाहिलं. ते अर्ध्या तासात संपतं आणि त्यावरची भांडणं दिवसभर चालतात. मग गोष्टींची पुस्तकं झाली, पण त्यात माणसाची ओळख होते न होते तोच गोष्ट संपते. शेवटी कादंबरीवर आलो. काकूंचा मुलगा पोती उतरवून बाजारगावच्या वाचनालयात जायचा आणि सांगायचा, "जाड द्या." दुसरं काही सांगायचा नाही. वाचनालयवाल्याला वाटत असेल, हा ड्रायव्हर मोठा विद्वान दिसतो.

कादंबरीतल्या माणसांबद्दल आम्ही शेजारपाजारच्यांबद्दल बोलावं तसं बोलतो. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की सुरू. आमच्यात एक चष्मेवाली आहे, सातवीपर्यंत शिकलेली. तिचं एकच पालुपद, "लेखकाला इथे काय म्हणायचंय?" तोफ म्हणते, "त्याला म्हणायचं ते त्याने म्हटलंय, आता आपण म्हणू." काकू सगळ्यांचं ऐकून घेतात आणि शेवटी एकच वाक्य बोलतात. गेल्या साली एका कादंबरीत एक सावकार होता, गावाला धान्य वाटणारा, सगळ्या जणी त्याच्यावर खूश. काकू म्हणाल्या, "तो देतो तेव्हा दार उघडं ठेवतो. चौघांना दिसावं म्हणून." चष्मेवाली म्हणाली, हे पुस्तकात कुठे लिहिलंय? मागची पानं उलटून पाहिलं, तर खरंच, प्रत्येक वेळी दार उघडंच होतं. काकूंना अक्षर येत नाही. पण त्यांना जे ऐकू येतं ते आम्हाला येत नाही.

आणि त्यांना पुस्तकाचं माप कळतं. आठ पानांना एक टोपली. पान उलटल्याचा आवाज आणि हाताखालची मिरची, असा त्यांचा हिशोब. यंदाच्या कादंबरीतलं प्रत्येक प्रकरण तीन टोपल्यांचं होतं. काट्याकडे बघून मान हलवत काकू जेवायला उठायच्या तेव्हा आम्हाला कळायचं, प्रकरण संपत आलं.

यंदाची कादंबरी अशी. नदीकाठी एक घर, पिढ्यान्‌पिढ्या होडी चालवणारं. नदीवर पूल होतोय, पूल झाला की होडी बंद. मोठा मुलगा पुलाच्याच कामावर गेलाय. घरी त्याची बायको आणि म्हातारी आई. आई ठार बहिरी. दिवसभर नदीकडे तोंड करून बसते आणि काथ्याचा दोर वळते. मागे न बघता नुसता हात मागे करायची, की सून त्या हातात काथ्याचा पेड द्यायची. तोफेला ते फार आवडलेलं. घरी जाऊन नवऱ्यासमोर तसाच हात मागे करून पाहिला म्हणे, त्याने हातात रिकामा तांब्या दिला.

मध्यंतरी एका रविवारी मी घरात धुतलेले कपडे घडी करत होते. काकू गिरणीवर गेल्या होत्या. भिंतीपलीकडे त्यांचा मुलगा बायकोला सांगत होता, "इथलं काम संपल्यात जमा आहे. बाजारगावच्या कंपनीने घेतलंय मला. खोली पण दिलीय. शनिवारी जायचं."

"आईंना कधी सांगायचं?"

"शनिवारी."

"त्याच दिवशी?"

"आधी सांगितलं तर आठवडाभर घर डोक्यावर घेईल. जेवायची नाही. मला नाही सोसत ते."

"मग त्यांना घेऊन जाऊ."

"दहा बाय दहाची खोली आहे. कुठे टांगू तिला? आणि ती येणार आहे का?"

"विचारा तरी."

"विचारलं आणि हो म्हणाली तर?"

मी घातलेलीच घडी मोडून पुन्हा घातली. काकूंना सांगावं की काय, असं दिवसभर वाटत राहिलं. पण भिंतीतून आलेली गोष्ट तोंडातून कशी काढायची? उद्या काकू म्हणतील, तू माझ्या घराला कान लावून बसतेस का. आपलं काय जातंय, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं आहे हेही मला माहीत होतं.

मंगळवारी एकोणिसावं प्रकरण आलं.

वाचणारी आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं वाचून ठेवायची, अडखळायला नको म्हणून. त्या दिवशी ती खोक्यावर बसली तीच पाणी पिऊन. वाचायला लागली. पुस्तकातल्या सुनेला नवऱ्याचा निरोप आला, पुलाच्या वस्तीवर राहायला ये म्हणून. सुनेने गाठोडं बांधलं. पहाटे दारात येऊन उभी राहिली. म्हातारी नेहमीसारखी नदीकडे तोंड करून बसलेली. "मग तिने गाठोडं खाली ठेवलं," वाचणारी म्हणाली, "आणि म्हातारीच्या हातात काथ्याचा पेड दिला." पुस्तक मिटलं. "संपलं प्रकरण."

"शाब्बास!" तोफ म्हणाली. "सून असावी तर अशी."

चष्मेवाली कुरकुरली, "मग इतका वेळ गाठोडं बांधलं कशाला?"

मी काकूंकडे बघत होते. काकू आपल्या टोपलीकडे बघत होत्या. एक काट्यावर जाऊन आली होती, दुसरी निम्मी. त्यांनी तळव्याने मिरची दाबून पाहिली.

"माल ओला आहे," तोफ मला म्हणाली. "हात कुठे चालतोय."

काकू उठता उठता माझ्यापुरतं बोलल्या, "ओल्या मालाने तीनाच्या अडीच होतात. दीड नाही होत."

"असेल लहान प्रकरण," मी म्हणाले.

"असेल." आणि त्या हात धुवायला गेल्या.

त्या मुलीची चूक काय झाली सांगते. तिला वाटलं, एक प्रकरण निभावलं की झालं. पण कादंबरी म्हणजे काही वर्तमानपत्र नाही. आज एक बदललं की उद्या त्याचं उत्तर द्यावं लागतं, परवा त्याच्या उत्तराचं उत्तर. शेडमध्ये बसून आम्हाला हे कळतं, कारण आम्ही मिरचीसारखं सगळं एकेक करून हातातून घालवतो.

बुधवारी विसावं प्रकरण. म्हातारी एकटी चूल पेटवतेय. बोट भाजलं. झाकलेलं जेवण काढलं, ते दोन-तीन दिवसांचं शिळं. काथ्यासाठी मागे हात केला आणि हात तसाच राहिला. वाचणारी मधेच थांबून म्हणाली, "सून पाणी आणायला गेली होती."

पुढे पुन्हा म्हातारी एकटी. दार लावतेय. कोंबड्या हाकलतेय. दुसरी टोपली भरत आली.

तोफ म्हणाली, "अगं, ही किती वेळ पाणी आणतेय? विहिरीला गेलीय की समुद्राला?"

सगळ्या हसल्या. वाचणारीही हसली, पण तिचे कान लाल झाले. "येईल," ती म्हणाली.

"आणि ते शिळं जेवण कुणी करून ठेवलंय? सून घरात असताना म्हातारी शिळं का खातेय?" चष्मेवाली उठली. तिने फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि वाचणारीच्या मांडीवरचं पुस्तक उचललं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून तिने बोट ठेवत ठेवत वाचलं, "सून... जाऊन... दोन दिवस... झाले होते."

शेडमध्ये आवाज बंद झाला. देठ मोडायचासुद्धा.

"म्हणजे काल आम्हाला भेसळ दिलीस?" तोफ म्हणाली.

आमच्याकडे यापेक्षा वाईट शब्द नाही. गेल्या साली एकीने टोपलीच्या तळाशी दगड घातला होता. ती बाई आजही वाटेत भेटली तर आम्ही झाडं बघत जातो.

"आम्ही तुला मूठ देतो ती कशी देतो?" तोफेचा आवाज चढला. "देठ काढून, काळी मिरची वेचून. स्वतःच्या टोपलीत एखादी काळी गेली तर जाऊ देतो, पण तुझ्या टोपलीत नाही. आणि तू आम्हाला काय दिलंस? मनाला येईल ते? मग पुस्तक कशाला हवं? उद्यापासून मूठ बंद!"

दोघीतिघींनी माना हलवल्या. मूठ बंद म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. एक तर तिने खुडायला बसायचं, नाही तर घरी. सगळ्यांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. दोन वर्षांत ते बरे झाले होते, पण बेचक्यांत अजून गुलाबी डाग होते. तिने दोन्ही हात गुडघ्यांखाली सारले.

"का केलंस गं असं?" चष्मेवालीने विचारलं, रागाने नाही.

मला तिचं उत्तर माहीत होतं. मी मान खाली घालून देठ खुडत होते, आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

मग काकू बोलल्या. त्या अजून खुडतच होत्या. "कालचं पुन्हा वाच. पहिल्यापासून."

"आई, नको."

"वाच. मी टोपल्या बघते."

तिने चष्मेवालीकडून पुस्तक घेतलं आणि वाचलं. निरोप आला, गाठोडं बांधलं, ते कालचंच होतं. पण पुढे बरंच होतं. सुनेने आदल्या दिवशी पाणी भरलं. घरातली सगळी भांडी भरली, पेलेसुद्धा. दोन दिवसांचं जेवण करून झाकून ठेवलं. जळण आत आणून हाताशी रचलं. म्हातारीच्या फाटक्या उशीला टाके घातले. पहाटे म्हातारी नदीकडे तोंड करून बसली तेव्हा ती गाठोडं घेऊन तिच्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी जाते." म्हातारीला ऐकू येत नव्हतं. पुन्हा म्हणाली, मोठ्याने म्हणाली. पुढे जाऊन तिच्या समोर मात्र उभी राहिली नाही. चपला हातात घेतल्या, बहिऱ्या बाईच्या घरातून अनवाणी, आवाज न करता निघाली, आणि शेतापलीकडे गेल्यावर चपला घातल्या. इकडे म्हातारीने मागे हात केला. हात तसाच राहिला. हवेत.

वाचणारीचा आवाज 'चपला हातात घेतल्या' इथे फुटला. पण ती थांबली नाही, शेवटपर्यंत वाचलं. मला भिंतीतलं एकेक वाक्य आठवत होतं. डोळे भरून आले ते मी फडक्याने टिपले. मिरचीच्या शेडचा हा एक फायदा, कुणी विचारत नाही.

जेवणाच्या सुट्टीत जुंपली.

"चांडाळ आहे ती बाई," तोफ म्हणाली. "काल उगाच शाब्बास म्हणाले."

"का? नवऱ्याने बोलावलं होतं तिला," चष्मेवाली म्हणाली. "जन्मभर काथ्याचे पेड देत बसायचं का? आणि पेलेसुद्धा भरून ठेवले की तिने."

"पेले भरले म्हणून सुटली का? मला तर त्या पेल्यांचाच राग आला!"

"लेखकाने ती चूक की बरोबर ते सांगितलेलंच नाही."

"मग त्याने केलं काय? आपल्यावर ढकलून मोकळा झाला!"

सगळ्या जणी काकूंच्या एका वाक्याची वाट बघत होत्या. काकूंनी डबा मिटला, काट्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अडीच झाल्या." बस. मग उठून आपल्या टोपलीतली एक मूठ वाचणारीच्या टोपलीत टाकली. मग तोफ उठली. "पुन्हा भेसळ केलीस तर याद राख," असं म्हणून तिनेही टाकली, आणि तिची मूठ नेहमीपेक्षा मोठी होती.

संध्याकाळी आम्ही तिघी एकत्रच निघालो, रोजच्यासारख्या. पाटाच्या कडेची वाट. काकू पुढे, मी मधे, वाचणारी मागे, पुस्तक छातीशी धरून. पाटाला पाणी नव्हतं, तळाला नुसती शेवाळाची खपली होती. पाटावरच्या मोरीपाशी आलो तेव्हा काकू थांबल्या आणि मोरीच्या कट्ट्यावर बसल्या.

"त्या लिहिणाऱ्याने म्हातारीला बहिरं का केलंय, कळलं का तुला?" त्यांनी सुनेला विचारलं.

"नाही."

"ऐकू येत असतं तर सुनेला सांगून जावं लागलं असतं. सांगणं जड असतं. म्हणून केली बहिरी. लिहिणाऱ्याची सोय झाली, सुनेचीही झाली."

वाचणारी उभीच होती.

"मी बहिरी नाही, पोरी," काकू म्हणाल्या. "इकडे ये. पुढे येऊन सांग."

ती पुढे आली. काकूंच्या समोर मातीतच बसली, आणि बोलायच्या आधी रडली. मग म्हणाली, "शनिवारी. बाजारगावी. यांना तिथे काम लागलंय. खोली मिळालीय, पण लहान आहे."

"हं."

"मी म्हणाले होते, आईंना विचारा."

"आणि तो म्हणाला असेल, विचारलं आणि हो म्हणाली तर?"

मी दचकले. भिंतीतून मलाच काय ते ऐकू येतं असं मी समजत होते, आणि काकूंना पोटच्या पोराचं बोलणं भिंतीशिवायच कळत होतं. वाचणारीने मान खाली घातली. "वाईट वाटलं," काकू म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. पोटचा पोर आहे." मग फडक्याच्या टोकाने नाक पुसलं. "पण त्याला सांग, भिऊ नको. मी येत नाही. त्या खोलीत मी काय करू? भिंतीचे देठ खुडू?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. काकूंनी सुनेचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, बाजारात वांगं पाहावं तसे. "तिथे हे तरी पुरते बरे होतील," म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

त्या संध्याकाळी मुलगा जेवायला बसला तेव्हा मी चुलीपाशी होते. भिंतीतून काकूंचा आवाज आला, "मीठ हवंय का?"

"नको."

"शनिवारी कितीची गाडी?"

ताट सरकल्याचा आवाज आला. मग तो रडला. मोठा माणूस रडतो तेव्हा खोकल्यासारखं वाटतं. आम्हा मिरचीवाल्यांना त्यातला फरक कळतो.

गुरुवारी आणि शुक्रवारी वाचणारीने उरलेली पाच प्रकरणं संपवली. शुक्रवारी दुपारी तिचा घसा बसला, शेवटची चार पानं ती कुजबुजत वाचत होती आणि आम्ही खोकलासुद्धा दाबून धरला होता. शेवट काय झाला ते सांगत नाही. कुणाला ते पुस्तक वाचायचं असेल.

शनिवारी काकू उंबऱ्यावर बसल्या होत्या. मुलाने ट्रंक उचलली, दोनदा खाली ठेवली, पुन्हा उचलली. सून चपला घालून आली, काकूंच्या समोर बसली आणि म्हणाली, "येते, आई." काकू म्हणाल्या, "ये." पुस्तक तिच्या पिशवीत होतं, वाचनालयात परत द्यायला.

नव्या ड्रायव्हरला आम्ही कादंबरी आणायला सांगितलं. तो म्हणाला, मला पोत्यांचे पैसे मिळतात. चष्मेवालीने दोन दिवस वर्तमानपत्र वाचून पाहिलं. तिचं वाचणं म्हणजे खडीवरून गाडी. तिसऱ्या दिवशी आम्ही नुसत्या बोलत बसलो आणि टोपल्या कमी भरल्या. मुकादम येऊन ओरडला, "अरे, ते वाचनाचं काहीतरी सुरू करा!" या वेळी त्याच्याच नाकाला मिरची झोंबली होती.

तेव्हा काकू, मान वर न करता, हात चालू ठेवून म्हणाल्या, "नदीकाठी एक घर होतं."

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तोफेने सगळ्यांना गप्प केलं. काकू पहिल्या प्रकरणापासून सांगत होत्या, पुस्तकात होतं तसंच. होडीच्या फळ्या किती, पुलाचा पहिला खांब कुठल्या दिवशी उभा राहिला, सगळं. पहिलं प्रकरण संपलं तेव्हा त्यांची तिसरी टोपली काठोकाठ भरली होती. चष्मेवाली म्हणाली, "एक अक्षर इकडचं तिकडे नाही." ओली रास तोवर संपली होती, आता शेवटची कोरडी पोती फुटत होती. रोज एक प्रकरण, रोज तीन टोपल्या.

एकोणिसावं आलं तेव्हा आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की ते आलंय. कुणी फडकं सारखं करत होतं, कुणी उगाच सूप झटकत होतं. काकूंनी सुरुवात केली. निरोप आला. गाठोडं बांधलं. पाणी भरलं, पेलेसुद्धा. जेवण, जळण, उशीचे टाके. पहाटे सून गाठोडं घेऊन म्हातारीच्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी जाते." पुन्हा म्हणाली, मोठ्याने म्हणाली.

काकू थांबल्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मग ती पुढे आली," काकू म्हणाल्या. "गाठोडं खाली ठेवून म्हातारीच्या समोर बसली. मातीतच बसली. म्हातारीला ओठ दिसावेत म्हणून हळूहळू बोलली. कुठे जाणार, का जाणार, खोली केवढी आहे, सगळं सांगितलं. म्हातारीला वाईट वाटलं. पण तिने सुनेचे हात हातात घेऊन पाहिले. म्हणाली, वळलेला दोर घेऊन जा, गाठोड्याला बांधायला बरा. सून म्हणाली, येते. जाते नाही म्हणाली. मग चपला घातल्या आणि गेली, चांगला आवाज करत गेली. म्हातारीला ऐकू आला नाही, पण जमीन हलते तेवढी तिला कळत होती. ती नाहीशी होईपर्यंत म्हातारी नदीकडे पाठ करून बसली होती."

संपलं. काकूंच्या तीन टोपल्या काट्यावर जाऊन आल्या होत्या आणि चौथी अर्धी भरली होती.

चष्मेवालीने तोंड उघडलं. मी तिला कोपर मारणार होते, पण त्याआधी सगळ्यांनी तोफेकडे पाहिलं. तोफ काकूंच्या त्या अर्ध्या टोपलीकडे बघत होती.

"माल आता चांगला वाळलाय," ती म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात. "हात जरा जास्तच चालले आज."

काकू स्वतः खुडत होत्या, त्यांना कुणाच्या मुठीची गरज नव्हती. तरी तोफ उठली आणि आपल्या टोपलीतली एक मूठ त्यांच्या टोपलीत टाकून आली. मग चष्मेवाली उठली. मग मी.